खाडीकाठचा खजिना

सहलींना शालेय जीवनात स्थान मिळून बराच काळ लोटला. परंतु झाड ओळखण्याचे शिक्षण अद्याप पाठ्यपुस्तकातील चित्रापुढे फारसे सरकलेले नाही. त्यावर मुलांच्या आवडीचा ‘खजिन्याचा शोध’ हा खेळ चांगला उतारा ठरावा. ठरलेल्या वाटेवर चिठ्ठ्या ठेवावयाच्या, प्रत्येकीत एका देशी झाडाची खूण द्यावयाची, आणि ते झाड सापडले की पुढची चिठ्ठी हाती यावयाची. पेण-पनवेल मार्गावरील कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ मध्ये स्थापन झाले. तेथे निसर्गवाटा आहेतच. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल किंवा काटेसावरीचे काटेरी खोड तेथे हुडकता येते. मात्र या खेळाची अधिक निकड धरमतरच्या खाडीकाठी आहे.

डोंगरातील वृक्षांना चाहते मिळतात. अंबा नदी जेथे खाडी होऊन पसरते, तेथील चिखलातल्या झाडांना मात्र सुशिक्षित माणूस ‘खारफुटी’ या एकाच शब्दात निकालात काढतो. वास्तविक प्रत्येकाची तऱ्हा निराळी. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात. भरतीत बुडणाऱ्या झाडाची ती श्वास घेण्याची सोय असते. कांदळ कमानदार आधारमुळांवर उभा असतो. त्याचे बी झाडावरच रुजते व शेंगेसारखा कोंब खाली लोंबू लागतो. मारांडीची पाने काटेरी, फुले निळसर जांभळी. पांढरी चिपी तर २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, पण तिला ओळखणारे किती निघतील?

तिवराची पाने अंगातले मीठ बाहेर टाकतात. पान जिभेला लावून पाहण्याची खूण मुलांना फार रुचेल, पण येथेच शिक्षकाची कसोटी आहे. गेव्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीला इजा होते. तेव्हा चाखण्याची चिठ्ठी देण्यापूर्वी गेवा दुरून दाखविलाच पाहिजे, आणि चाखावयाचे पान शिक्षकाने स्वतः ओळखून द्यावे. वेळही घड्याळावर नव्हे, ओहोटीवर ठरवावी लागेल. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण टाळून अष्टमीच्या सुमाराचा भांग साधावा, हे कोळ्याच्या घरातील मूल शिक्षकांनाच सांगेल. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला या दिवशी तरी पुढे उभे राहता येईल.

या वाटेवर एक अवघड थांबाही हवा. बांधाबाहेरचे तिवर लाटांचा जोर मोडून खारबंदिस्ती राखते. परंतु बांधाला खांडी पडून खारे पाणी शेतात शिरले की तेच तिवर भाताच्या जमिनीत उगवते, आणि मग कायद्याच्या संरक्षणामुळे ते तोडताही येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीविरुद्ध २००५ मध्ये अंतरिम आदेश व २०१८ मध्ये अंतिम निर्णय दिला, तो योग्यच होता. पण खारेपाटातील शेतकऱ्याला त्याच झाडात आपले गेलेले पीक दिसते. त्याच्या मुलाला केवळ ‘झाडे वाचवा’ असे शिकविणे अर्धवट होय. शेवटची चिठ्ठी म्हणून अशा एखाद्या खांडीशी ठेवावी, आणि तीत एवढेच विचारावे: हे तिवर बांधाच्या आत कसे आले, आणि बांध कोणी दुरुस्त करावयाचा होता? उत्तर मुलांनी घरी विचारून आणावे.