न्हाणीघराला कोबा पुरतो, पण तो नीट करून घ्या



गटाचं कर्ज मिळालं की बऱ्याच घरांत पहिलं काम निघतं ते न्हाणीघराचं. पहाटे अंधारात, साडीच्या आडोशाला अंघोळ उरकायची वेळ कुणावर येऊ नये, हे खरंच. पण मग दुकानात चकचकीत टाइल दिसते, बजेट दुप्पट होतं आणि त्याच गुळगुळीत टाइलवर साबणाच्या पाण्यात सासूबाईंचा पाय घसरतो.

इकडे पुंडलिकनगरात नवी घरं बघावीत, तर उलटंच दिसतं. काही जण मुद्दाम साधी करडी, सिमेंटसारखी फरशी मागतात. त्याला 'मिनिमलिस्ट' म्हणतात, म्हणजे गरजेपुरतंच ठेवणं. जपानचे तादाओ अँडो यांनी उघड्या काँक्रीटच्या इमारती बांधल्या, त्यांना १९९५ साली वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला. तेव्हा कोबा म्हणजे गरिबी, हे मनातून काढून टाका.

मात्र कोबा नीट झाला पाहिजे. गवंडीदादा काम करत असताना चार गोष्टी आपण स्वतः बघायच्या.

पहिली, पाया. माती ओली करून धुमसून घट्ट करा, वर दगडगोटे बसवा. मग एक घमेलं सिमेंट, दोन घमेली वाळू आणि चार घमेली खडी या मापानं काँक्रीट घाला. मिसळताना पाणी बेताचंच. पातळ माल पसरायला सोपा, पण वाळल्यावर कच्चा राहतो आणि तडे जातात.

दुसरी, उतार. मोरीच्या जाळीकडे दर फुटाला पाव इंच उतार हवा. पाच फुटांच्या न्हाणीत तो सव्वा इंच होतो. माल ओला असतानाच दोरी आणि पट्टी लावून मोजून घ्या. काम पक्कं झाल्यावर तांब्याभर पाणी ओता. ते कुठं साचलं, तर तिथं शेवाळ धरणार.

तिसरी, वरचा पृष्ठभाग. वरून कोरडं सिमेंट भुरभुरून आरशासारखा घोटू देऊ नका. माल ओला असतानाच त्यावर केरसुणी हलकी ओढायला सांगा. त्या बारीक रेघांनी पाय धरून राहतो. गरोदर बाई, म्हातारी माणसं, लहान मुलं यांच्यासाठी हे फार मोलाचं.

चौथी, पाणी. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. दुसऱ्या दिवसापासून कडेनं मातीचं आळं करून निदान सात दिवस पाणी साठवा. पाणीटंचाई असेल, तर ओली पोती अंथरा, दिवसातून तीनदा भिजवा. इथं कसर केली, तर कोब्याची भुकटी निघायला लागते.

पुढं निगा सोपी. ॲसिड टाकू नका, ते सिमेंट खातं. साधा साबण आणि ब्रश पुरे. जमिनीवर बादली, डबे, पाट यांची गर्दी नको. भिंतीत एक कोनाडा आणि दोन खुंट्या ठेवा, म्हणजे खालची जागा झाडून-पुसून कोरडी ठेवता येते. सांडपाण्याला शोषखड्डा करा, नाहीतर दाराशी डबकं आणि डबक्यात डास.

पुढच्या बैठकीत ज्यांचं न्हाणीघर व्हायचंय, त्यांनी हे चार मुद्दे वहीत लिहून आणा. टाइलचे वाचलेले पैसे पक्क्या दारासाठी आणि आतल्या कडीसाठी राखून ठेवा. अंघोळीला निवांतपणा मिळतो तो दारामुळं.