संत, दंत आणि तेरडा

तंजावूरचे दुसरे सरफोजी भोसले (कारकीर्द १७९८ ते १८३२) बोलता बोलता वनस्पतींना लॅटिन नावे देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीयसचे दाखले देत, असे १८२६ मध्ये त्यांना भेटलेल्या बिशप हेबरने लिहून ठेवले आहे. लिनीयस आला की पाठोपाठ लॅटिन आलीच. तेरड्याच्या वंशाला त्याने नाव दिले ‘इम्पॅशन्स’. हे चक्क कृदंत आहे, अर्थ ‘सहन न करणारा’. पिकलेल्या बोंडाला बोट लावून बघा, टचकन फुटते आणि बिया चौफेर उडतात!

धातूला प्रत्यय लावून केलेले विशेषण ते कृदंत. लॅटिनमध्ये त्याचे प्रकार चारच. ‘आगेरे’ म्हणजे हाकणे, करणे. त्यापासून ‘आगेन्स’ म्हणजे करणारा, ‘आक्तुस’ म्हणजे केलेला, ‘आक्तूरुस’ म्हणजे करणार असलेला आणि ‘आगेन्दुस’ म्हणजे करावयाचा. तिसरा सोडला तर बाकीचे आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत: एजंट, ॲक्ट, अजेंडा.

हजेरीला आपण ‘प्रेझेंट’ म्हणतो. मुळात ते ‘प्रे-सेन्स’, म्हणजे समोर असणारा. त्यातला ‘सेन्स’ आणि संस्कृत ‘सत्’ ही सख्खी भावंडे, दोन्ही ‘असणे’ या धातूची कृदंते. ‘सत्’चे अनेकवचन ‘सन्तः’, आणि तिथून आपला ‘संत’. म्हणजे संत ‘प्रेझेंट’मध्ये आहे, तसा ‘ॲबसेंट’मध्येही आहे! दाताचीही तीच गोष्ट. संस्कृत ‘दन्त’ आणि लॅटिन ‘देन्स’ हे एकाच जुन्या कृदंताचे वंशज. भाषाशास्त्रज्ञ त्याचा मूळ अर्थ ‘खाणारा’ असा लावतात.

लॅटिन एवढी श्रीमंत भाषा, पण आपले साधे ‘-ऊन’ तिच्याकडे नाही. ‘पत्र वाचून तो गेला’ हे लॅटिनमध्ये सरळ सांगता येत नाही. काही मोजकी क्रियापदे वगळली तर ‘केलेला’ हे कृदंत कर्मणीच असते. मग रोमन माणूस म्हणतो, ‘एपिस्तुला लेक्ता आबिइत’: पत्र वाचले गेले असता तो गेला. कोणी वाचले, ते संदर्भावरून ओळखायचे. संस्कृत शिकलेल्याला हे वळण ओळखीचे वाटेल. ‘पत्रे पठिते’ ही सति सप्तमी हुबेहूब अशीच चालते. फक्त विभक्ती वेगळी, लॅटिनमध्ये तिथे साधारण आपली पंचमी येते.

तमिळला मात्र ‘-ऊन’ची अडचण नाही. ‘साप्पिट्टु’ म्हणजे ‘जेवून’. तमिळ आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या तंजावरी माणसाला दोन्हीकडे एकाच चालीत वाक्य लांबवता येते: उठून, आंघोळ करून, जेवून निघालो. खरी कसरत झाली ती लॅटिनमधून तमिळ व्याकरण लिहिणाऱ्यांची, कारण या रूपाला लॅटिनमध्ये जोडच नव्हती. तंजावूरच्या नायक राजाने १६२० मध्ये डॅनिश लोकांना दिलेल्या तरंगंबाडी बंदरात जर्मन मिशनरी सीगेनबाल्ग १७०६ मध्ये उतरला, तेव्हा तंजावूरच्या गादीवर शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांचे पुत्र शहाजी होते. दहा वर्षांनी, १७१६ मध्ये, त्याचे लॅटिनमधले तमिळ व्याकरण जर्मनीतल्या हाले गावी छापले गेले. पुढे इटालियन जेझुइट बेस्की यानेही बोली तमिळचे व्याकरण लॅटिनमध्येच लिहिले. बेस्की कॅथलिक, तरंगंबाडीचे मिशनरी ल्यूथरपंथी, दोघांचे धर्मावरून कडाक्याचे वाद. तरीही १७३८ मध्ये बेस्कीचे व्याकरण छापले ते तरंगंबाडीच्या छापखान्यानेच.