ओव्याच्या दाण्यातलं थायमॉल

भज्याच्या पिठात चुरून टाकलेला ओवा आणि बाळंतिणीच्या खोलीतली ओव्याची धुरी, दोन्हीकडच्या उग्र वासामागे मुख्यतः एकच द्रव्य आहे: थायमॉल.

ओव्याचा दाणा भिंगाखाली धरा. अंगावर बारीक पुटकुळ्या आणि उभ्या शिरा दिसतील. आपण त्याला बी म्हणतो, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी ते फळ आहे. वाळल्यावर त्याची दोन दळं होतात आणि प्रत्येक दळात तेलाच्या सहा सूक्ष्म नळ्या असतात. दाणा तळहातावर चोळला की या नळ्या फुटतात, म्हणून ओवा चुरल्यावरच खरा घमघमतो. जिरं, धने, बडीशेप हे याच कुळातले.

दाण्यात साधारण २ ते ४ टक्के तेल असतं आणि त्यात थायमॉलचा वाटा बहुधा निम्म्याच्या आसपास. भरडलेल्या ओव्यातून वाफ सोडली की तेल वाफेबरोबर निघतं. ते थंड केलं की थायमॉलचे पांढरे खडे बसतात. बाजारात त्यालाच ओव्याचं फूल म्हणतात. हे फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर एकत्र खलले की पाणी न घालताच तिन्ही पातळ होतात. एकमेकांत मिसळल्यावर त्यांचा वितळणबिंदू खाली येतो, त्याचा हा परिणाम. अमृतधारा बनते ती अशीच.

थायमॉल जिवाणूंच्या पेशीपटलात शिरून ते सैल करतं. मग आतले क्षार बाहेर झिरपतात. म्हणून ते गुळण्यांच्या औषधात असतं आणि मधमाश्यांना छळणाऱ्या व्हरोआ कोळकिड्यांवरही वापरतात. मात्र जेवणातला चिमूटभर ओवा वेगळा आणि शुद्ध तेल वेगळं. ते त्वचेला भाजतं, पोटात तर मनाने घेऊच नये.

पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा जर्मनीला जाई आणि थायमॉल तिथे बने. अंकुशकृमीवरचं ते तेव्हाचं प्रमुख औषध होतं. १९१४ मध्ये युद्ध पेटलं, हा मार्ग बंद झाला आणि जगाला थायमॉलची चणचण भासली. मग ते भारतातच बनू लागलं. पुढे कारखान्यात क्रेसॉलपासून स्वस्त थायमॉल मिळू लागलं आणि ओव्याचं हे महत्त्व ओसरलं.

ओवा इथला आणि थायमॉल परदेशात, या व्यवहाराचा धडा आजही लागू आहे. नुसता दाणा विकला तर दाण्याचेच पैसे मिळतात. राजस्थान-गुजरातच्या ओवा पट्ट्यात तेलाच्या प्रमाणावर भाव ठरला आणि शेताजवळच अर्क निघाला, तर त्या गुणाचं मोल पिकवणाऱ्याच्या हाती पडेल.