पैसे न खाणाऱ्या पोलिसालाही नीती शिकावी लागते

पोलिसांना नीती शिकवण्याचा विषय निघाला की एक उत्तर हमखास मिळते: संस्कार घरातून यावे लागतात, चाळिशीतल्या हवालदाराला वर्गात बसवून काय साधणार? या उत्तराच्या पोटात आणखी एक समज दडलेला असतो, की पोलिसाची नीती म्हणजे पैसे न खाणे. लाच हा प्रश्न खराच. पण ती घेऊ नये हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते. शिकवावे लागते ते निराळेच, आणि ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याच्या नकाशावर ते स्पष्ट दिसते. भिवंडी तालुक्यात पोलिसांचे दोन कारभार नांदतात. पडघा पोलीस ठाणे ठाणे ग्रामीणच्या अधीक्षकांकडे, तर नारपोली, कोनगाव ही ठाणी ठाणे शहर पोलीस आयुक्तालयाकडे. मुंबई-नाशिक महामार्गावर रात्री लुटला गेलेला ट्रकचालक ज्या ठाण्याची पायरी चढेल, तिथला ठाणे अंमलदार त्याला ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून एक रुपयाही न खाता वाटेला लावू शकतो. कायदा याबाबत मोघम नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या ललिता कुमारी निकालात सांगितले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार तर घटना कुठेही घडलेली असो, खबर घ्यावीच लागते. पण नोंद केली की ठाण्याचा गुन्ह्यांचा आकडा फुगतो, आणि आकडा फुगला की वरून विचारणा होते. कलम पाठ असणे आणि रात्री दोन वाजता ते पाळणे, यांच्यामधल्या जागेतच नीतीचा प्रश्न उभा राहतो.

संस्कार चांगले असले की ही जागा आपोआप भरून निघते, हे मानायला पुरावा नाही. 1973 साली अमेरिकेत प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. व्याख्यान द्यायला निघालेल्या या विद्यार्थ्यांच्या वाटेत एक माणूस कण्हत पडलेला होता. हाताशी वेळ असलेल्यांपैकी 63 टक्क्यांनी त्याला मदत देऊ केली, उशीर झाल्याचे सांगितले गेलेल्यांपैकी फक्त 10 टक्क्यांनी. दोन्ही गट एकाच विद्यालयातले होते, फरक घाईचा होता. पोलिसाचे आयुष्य घाईतच जाते, त्यामुळे आधी सराव केलेला नसेल तर ऐनवेळी योग्य निर्णय सुचेल ही अपेक्षा भाबडी आहे.

चूक दिसताच पुढे होऊन ती अडवण्याचे नेतृत्व हा साहेबांचा विषय, शिपायाने हुकूम पाळावा, हा समजही असाच पक्का रुजलेला आहे. अमेरिकेतल्या मिनियापोलिस पोलिसांत 2016 पासून नियम होता की सहकारी गैरवाजवी बळ वापरत असेल तर त्याला थांबवावे. 2020 साली पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा ठेवला गेला तेव्हा त्याला धरून असलेल्यांपैकी दोघे सेवेत नवखे होते, आणि गुडघा ठेवणारा त्यांच्यातल्या एकाचा प्रशिक्षक होता. एकाने ‘कुशीवर वळवू का’ असे विचारलेही. नकार मिळाला, आणि त्याने ज्येष्ठाला अडवले नाही. नियम होता, शंकाही आली होती. ज्येष्ठाला अडवायचे कसे, याची सवय तेवढी कुणी लावलेली नव्हती.

आपल्याकडे असा सराव जमायचा नाही म्हणणाऱ्यांनी पडघ्याहून फार लांब जायला नको. 1970 च्या भिवंडी दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादोन आयोगाने पोलिसांच्या विशेष तपास पथकाच्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले. 1984 साली शहर पुन्हा पेटले. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी हिंदू-मुस्लिम रहिवाशांच्या सुमारे 70 मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक समितीशी स्थानिक पोलीस जोडलेला असे. अफवा, भांडण, मिरवणुकीचा मार्ग अशा गोष्टींवर दंगल नसतानाही लोकांशी बोलत राहणे हे खालच्या पोलिसाचे रोजचे काम बनले. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली. हा एका कर्तबगार अधिकाऱ्याचा करिष्मा होता, हा आक्षेप इथे टिकत नाही, कारण तोवर खोपडे यांची बदली होऊन गुलाबराव पोळ आले होते. माणूस गेला तरी सवय उरली होती.

खरा अडचणीचा आक्षेप 2006 चा आहे. त्या जुलैत भिवंडीत पोलीस ठाण्याच्या नव्या इमारतीच्या जागेवरून वाद पेटला, गोळीबारात 2 जण मेले आणि जमावाने 2 पोलिसांचा जीव घेतला. मग समित्यांचा उपयोग काय झाला? माझ्या मते हा प्रसंग प्रशिक्षणाची मर्यादा दाखवतो, ते फोल असल्याचे नव्हे. 1992 मध्ये पोलीस मध्यस्थ होते, 2006 मध्ये ते स्वतःच वादातले एक पक्षकार होते. आपल्याच खात्याचे हितसंबंध गुंतले असताना निर्णय कसा घ्यावा, हा धडा मोहल्ल्यात गिरवला गेला नव्हता, आणि बहुतेक अभ्यासक्रमांत तो आजही मागच्या बाकावर बसतो.

नीतीने पोलिसांचे हात बांधले जातात, ही तक्रारही हिशेब मांडला तर उलटते. तक्रार नोंदवून घेतली जाते, झडतीत अपमान होत नाही, असा अनुभव असेल तरच खबर देणारा माणूस पुन्हा ठाण्यात येतो, आणि खबरीवाचून तपास पुढे सरकत नाही. नीतीचे प्रशिक्षण नाशिकच्या पोलीस अकादमीत उपनिरीक्षकांना एकदा देऊन भागणार नाही. ते हजेरीच्या वेळी, कालच्याच एखाद्या निर्णयावर दहा मिनिटे बोलून, ठाण्यातच व्हायला हवे: कुणाला परत पाठवले, का पाठवले, दुसरे काय करता आले असते. याला निधी लागत नाही. मात्र चर्चेला पहिला निर्णय प्रभारी अधिकाऱ्याने स्वतःचा ठेवावा लागेल, नाहीतर शिपाई बोलणारच नाही.