मातीखालची शिल्लक

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळीचा सव्वाशे वर्षांचा हिशेब मांडायचा तर तो एका क्लोव्हरपासून सुरू करावा लागतो. आपल्या बरसीमच्याच कुळातलं, भूमध्य समुद्राकाठून आलेलं हे रोपटं 1889 मध्ये माउंट बार्करजवळ शेतकरी अमोस हॉवर्ड यांच्या नजरेत भरलं आणि त्यांनी त्याचा ध्यासच घेतला. पुढे सुपर फॉस्फेटची जोड मिळाली आणि हलक्या जमिनींवरही कुरणं उभी राहिली.

या क्लोव्हरचं फूल फळलं की देठ खाली वाकतो आणि बोंड मातीत रुततं. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, बी खाली शाबूत राहतं. काही बियांचं कवच तर इतकं टणक असतं की अवेळी पडलेल्या सरीनं त्या फसत नाहीत. एखादा हंगाम बुडाला तरी पुढच्यासाठी बी शिल्लक असतं.

ही शिल्लक सांभाळायची की उधळायची, हे चराईच्या हाती. 1997 ते 2009 या प्रदीर्घ दुष्काळानं ते फार कठोरपणे दाखवून दिलं. मेंढ्या एकाच कुरणात ठेवायच्या की फिरवायच्या, हा वाद मला दुय्यम वाटतो. हे क्लोव्हर बसकं आहे, हिवाळ्यात रोज खाल्लं तरी तग धरतं. उलट गवत उंच वाढलं की त्याच्या सावलीत मागे पडतं. नाजूक काळ वेगळेच. वसंतात पाऊस दगा देत असताना फुलोरा खाल्ला गेला तर बी धरत नाही. भर उन्हाळ्यात उपाशी मेंढ्या माती उकरून बोंडंही संपवतात. आणि तिकडचा उन्हाळा सरून एप्रिल-मेमध्ये पहिला पाऊस पडला की कुरण लांबून हिरवंगार दिसतं. वाकून पाहावं तर नुसती दोन दलांची रोपं. मेंढीचं पोट त्यावर भरत नाही, रोप मात्र जातं.

अशा नाजूक काळात मेंढ्या वाड्यात कोंडून विकतचा चारा घालायचा, म्हणजे खिसा रिकामा होणार. तरीही दुष्काळात अनेकांनी हा मार्ग धरला, आणि माझ्या मते त्यांनी कुरण वाचवलं. कुरणातल्या दुसऱ्या, पांढऱ्या क्लोव्हरला बियांच्या शिल्लकीची अशी सवलत कमीच: त्याचं सोटमूळ एक-दोन वर्षांत मरतं, मग सगळी भिस्त जमिनीसरशी पसरलेल्या खोडांवर. कुरण खरडून काढलं की ती उन्हात भाजतात.

पाऊस परतला तेव्हा जिथे बी टिकलं होतं तिथे क्लोव्हर आपोआप उगवलं. जिथे संपलं होतं, तिथल्या उघड्या जमिनीवर केपवीडसारखं तण माजलं आणि बियाणं विकत आणून नव्यानं पेरावं लागलं.