घरखर्चाची पाहणी



दुपारची वेळ आहे. स्वयंपाकघरांतील आवरासावर नुकतीच संपली आहे, आणि नेमकी त्याच वेळीं दारावरची घंटा वाजते. दार किलकिलें करून पाहावें तों बाहेर एक तरुण मनुष्य उभा! त्याच्याजवळ विकावयाची कोणतीहि वस्तु नाहीं. गळ्यांत ओळखपत्र आणि हातांत पाटीएवढें यंत्र आहे. तो नम्रपणें विचारतो, "बाई, गेल्या सात दिवसांत आपल्या घरीं गोडें तेल किती लागलें? कांदे किती आणले? दूध किती घेतलें?" आपल्या मनांत पहिला विचार येतो तो असा, कीं आमच्या फोडणीच्या तेलाशीं ह्या गृहस्थाला काय कर्तव्य? ह्या साध्या प्रश्नाचें उत्तर आज मला आपणांस द्यावयाचें आहे.

राष्ट्राच्या संपत्तीचा अंदाज घरोघर न जातांहि करतां येतो. दादाभाई नौरोजी यांनीं १८६७-६८ सालच्या आंकड्यांवरून हिंदुस्थानांत दर माणशीं वार्षिक उत्पन्न सुमारें २० रुपये पडतें असा हिशेब मांडला. देशांत एकंदर पिकलें किती व निपजलें किती, त्याची किंमत काय, आणि ती किती माणसांत वांटली जावयाची, अशी त्यांची रीत होती. त्या एका आंकड्यानें देशाचे डोळे उघडले. परंतु सरासरी ही मोठी मायावी वस्तु आहे. सावकाराचे दोन हजार आणि कुळाचे दहा रुपये एकत्र करून भागिले, म्हणजे कुळाच्या घरीं चूल पेटते असें होत नाहीं. कोणाच्या ताटांत काय पडतें, हें जाणण्यास त्या ताटापर्यंतच गेलें पाहिजे.

ताटापर्यंत जाण्याची शास्त्रीय वाट युरोपांत पडली. सॅक्सनीमधील आंकडेशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यानें बेल्जममधील मजूर कुटुंबांचे जमाखर्च अभ्यासून १८५७ सालीं एक नियम मांडला. कुटुंब जितकें गरीब, तितका त्याच्या खर्चांत अन्नाचा वांटा मोठा. हा नियम कोणत्याहि गृहिणीस पटण्यासारखा आहे. मिळकत दुप्पट झाली म्हणून कोणी दुप्पट भाकरी खात नाहीं. वाढलेला पैसा कपडालत्ता, शिक्षण, औषधपाणी, प्रवास यांकडे वळतो. म्हणून एखादें कुटुंब रुपयांतील किती पैसे पोटासाठीं खर्च करतें, एवढें कळलें तरी त्याच्या स्थितीचें पुष्कळसें अनुमान करतां येतें.

आपल्या महाराष्ट्रांत हें काम फार लवकर सुरू झालें, ही अभिमानाची गोष्ट आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळें सौदागर ह्या खेड्याची पाहणी करून ती १९१७ सालीं प्रसिद्ध केली. आज तें गांव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत आहे आणि तेथें उंचच उंच इमारती उभ्या आहेत. त्या काळीं तेथें शेती होती व तिच्या जोडीला मिळेल ती मजुरी होती. मॅन यांनीं प्रत्येक कुटुंबाची जमीन, मिळकत, कर्ज व गरजा यांचा ताळा मांडला. ह्या गरजा त्यांनीं साहेबाच्या मापानें मोजल्या नाहींत. गांवकरी ज्याला पोटापुरतें म्हणत, तेंच माप धरलें. तरीसुद्धां सुमारें दोन-तृतीयांश कुटुंबांचा मेळ बसेना.

इकडे मुंबईंत १९२१ सालीं सरकारी कामगार कचेरी निघाली, आणि तिनें १९२१-२२ मध्यें गिरणगांवांतील व इतर कामकरी वस्तींतील तीन हजारांहून अधिक जमाखर्च गोळा केले. १९२३ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल आजहि अस्वस्थ करतो. कुटुंबाची महिन्याची सरासरी मिळकत ५२ रुपये ४ आणे ६ पै. त्यांतील शेंकडा सुमारें ५७ एकट्या अन्नावर जाई. शंभरांतील सत्त्याण्णव कुटुंबें एकाच खोलींत राहत आणि जवळजवळ निम्मीं कर्जांत असत. कामकऱ्याच्या पोटांत जाणारें धान्य मुंबई इलाख्याच्या तुरुंगांत कैद्यास ठरवून दिलेल्या शिध्यापेक्षां कमी भरतें, असेंहि त्या अहवालांत नमूद झालें. ही गोष्ट कोणा पुढाऱ्यानें व्याख्यानांत सांगितली असती तर ती अतिशयोक्ति ठरली असती. ती वाण्याच्या उधारीच्या वहीवरून सिद्ध झाली, म्हणून कोणालाच नाकारतां आली नाहीं. पुढें १९३६-३७ च्या सुमारास प्रो. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखालीं गोखले अर्थशास्त्र संस्थेनें पुणें शहरांतील कुटुंबांची अशीच पाहणी केली, आणि तिचा पहिला भाग १९४५ सालीं प्रसिद्ध झाला.

आपण विचाराल, पाहणी करणारा सरळ मिळकतच कां विचारीत नाहीं? कारण उघड आहे. झांकली मूठ सव्वा लाखाची, ही आपली वृत्ति! नोकरदाराचा पगार ठरलेला असतो. पण दुकानदार, वकील, शेतकरी, फेरीवाला यांची मिळकत महिन्यामहिन्यास बदलते, आणि ती सांगतांना करवसुलीची भीति मनांत असतेच. आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीनें १९६४-६५ व १९६९-७० सालीं मिळकत विचारून पाहिली. तेव्हां लोकांनीं सांगितलेला खर्च व बचत यांची बेरीज त्यांनींच सांगितलेल्या मिळकतीहून जास्त भरली! म्हणून पुढें अनेक दशकें खर्चावरच भर राहिला. २०२५ सालीं केंद्र सरकारनें देशव्यापी मिळकत-पाहणी पुन्हां हातीं घेण्याचें जाहीर केलें. ती किती कठीण आहे याची कल्पना ह्या जुन्या अनुभवावरून येईल.

परंतु खर्च विचारणें तरी सोपें कोठें आहे? पहिली अडचण निवडीची. कोट्यवधि घरांत जाणें शक्य नाहीं, म्हणून थोडींच घरें निवडावयाचीं. शितावरून भाताची परीक्षा होते, हें खरें. पण वरचें शीत पाहून तळाशीं भात करपला आहे कीं नाहीं तें कळत नाहीं. म्हणून शितें प्रत्येक थरांतून आणि चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडावीं लागतात. प्रो. महालनोबीस यांच्या प्रेरणेनें १९५० सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीचें तत्त्व हेंच आहे. २०२३-२४ च्या पाहणींत २,६१,९५३ कुटुंबें घेतलीं होतीं. सुखवस्तु घरें सुटून जाऊं नयेत म्हणून शहरांत एक युक्ति योजिली होती. कुटुंबाची स्वतःची मोटार आहे कीं नाहीं, आणि असल्यास तिची किंमत दहा लाखांच्या आंत कीं बाहेर, यावरून घरांचे निरनिराळे गट पाडून प्रत्येक गटांतून कुटुंबें निवडलीं.

दुसरी अडचण स्मरणाची, आणि ती फार मनोरंजक आहे. काल आणलेली भाजी आपणांस आठवते. तीन आठवड्यांपूर्वीं आणलेली आठवत नाहीं. उलट, लुगडें, चपला किंवा कपाट ह्या वस्तु रोज कोणी घेत नाहीं. त्यांच्याविषयीं गेल्या महिन्याचेंच विचारलें तर बहुतेक घरीं "कांहींच नाहीं" असें उत्तर यावयाचें. मग किती दिवसांचें विचारावें? आपल्याकडे पुष्कळ वर्षें सरसकट तीस दिवसांचें विचारीत असत. १९९४ ते १९९८ च्या दरम्यान एक प्रयोग झाला. कांहीं कुटुंबांस जुन्या पद्धतीनें विचारलें. कांहींस अन्नाविषयीं सात दिवसांचें व कपडे-शिक्षणादि क्वचित् होणाऱ्या खर्चाविषयीं वर्षाचें विचारलें. दुसऱ्या पद्धतींत सांगितलेला खर्च इतका वाढला, कीं तीच दारिद्र्यरेषा लावली असतां गरिबांची संख्या जवळजवळ निम्मी भरली! देशांत कोणाच्या घरीं एक मूठ धान्यहि वाढलें नव्हतें. बदलला होता तो फक्त प्रश्न. त्यानंतर १९९९-२००० च्या पाहणींत अन्नाविषयीं सात व तीस दिवसांचे दोन्ही प्रश्न एकाच कुटुंबास, एकाच बैठकींत विचारले गेले. एका उत्तराची छाया दुसऱ्यावर पडली आणि ती पाहणी मागील पाहण्यांशीं ताडून पाहणें अवघड झालें. पंडितांचा वाद अनेक वर्षें चालला.

ह्या अनुभवांतून रीत सुधारत गेली. भाजी, फळें, तेल, मासे यांविषयीं सात दिवसांचें, धान्यासारख्या जिनसांविषयीं तीस दिवसांचें आणि कापड, पादत्राणें, शाळेची फी यांविषयीं वर्षाचें विचारावें, अशी विभागणी ठरली. शिवाय २०२२-२३ पासून एकाच बैठकींत सारे प्रश्न विचारून घरच्या माणसांस थकविण्याऐवजीं एकाच घरीं तीन वेळां जाऊन अन्न, इतर नित्य खर्च आणि टिकाऊ वस्तु यांची निरनिराळी चौकशी होऊं लागली. मात्र २०१७-१८ च्या पाहणीचे निकाल, आंकड्यांच्या गुणवत्तेचें कारण देऊन, सरकारनें प्रसिद्ध केले नाहींत. त्यामुळें २०११-१२ नंतर अकरा वर्षें देशाच्या घरखर्चाचें चित्र अंधारांतच राहिलें.

त्यानंतरचें चित्र असें आहे. २०२३-२४ मध्यें दर माणशीं महिन्याचा सरासरी खर्च खेड्यांत ४,१२२ रुपये व शहरांत ६,९९६ रुपये भरला; फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत ह्यांत धरलेली नाहीं. शहरी खर्चांत अन्नाचा वांटा १९९९-२००० सालीं शेंकडा ४८ होता, तो ४० च्या किंचित् खालीं आला. खेड्यांत तो ५९ वरून ४७ वर आला. एंगेलचा नियम येथें डोळ्यांना दिसतो. आणखी एक गोष्ट गृहिणींनीं लक्षांत घेण्यासारखी आहे. अन्नावरील खर्चांत आतां सर्वांत मोठा वांटा धान्याचा राहिला नसून तो पेयें व बाहेरून तयार येणारे खाद्यपदार्थ यांचा झाला आहे.

आतां फोडणीच्या तेलाकडे परत येऊं. आपल्या उत्तराचा उपयोग काय? पहिला उपयोग महागाई मोजण्याचा. तेल शेंकडा दहांनीं महागलें तर संसार किती महागला, हें सांगण्यास संसारांत तेलाचें वजन किती तें आधीं कळलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मुंबईच्या गिरणीकामगारांचा महागाईभत्ता राहणीच्या खर्चाच्या ज्या निर्देशांकाशीं जोडला गेला, त्याच्या मुळाशीं अशाच कौटुंबिक जमाखर्चांची पाहणी होती. २०१२ हें मूळ वर्ष धरून केलेल्या अखिल भारतीय निर्देशांकांत अन्न व पेयें यांचें वजन शेंकडा ४५.८६ होतें, तें २०११-१२ च्या पाहणींतून आलें आणि लोकांची राहणी बदलली तरी दहा वर्षांहून अधिक काळ तेंच चाललें. तराजू जुना झाला कीं वजन चुकतें, मग माल कितीहि चोख असो.

दुसरा उपयोग गरिबांचा. १९७१ सालीं पुण्याच्या गोखले संस्थेंतील प्रो. वि. म. दांडेकर व प्रो. नीळकंठ रथ यांनीं ह्याच पाहणीच्या १९६०-६१ च्या आंकड्यांवरून दाखवून दिलें, कीं खेड्यांतील शेंकडा ४० आणि शहरांतील शेंकडा ५० लोकांस पोटभर अन्नहि परवडत नाहीं. २०१३ सालच्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं कोणत्या राज्यांत किती लोकांस स्वस्त धान्य द्यावयाचें, हें प्रमाण २०११-१२ च्या खर्च-पाहणीवरून ठरविण्यांत आलें. एखाद्या घरीं दिलेल्या उत्तराचा धागा अशा रीतीनें दूरच्या दुसऱ्या घराच्या शिधापत्रिकेपर्यंत पोंचतो.

आणि म्हणूनच मला आज आपल्यासारख्या सुशिक्षित शहरवासीयांशीं दोन स्पष्ट शब्द बोलावयाचे आहेत. झोंपडींतील बाई पाहणी करणाऱ्यास बसावयास पाट देते आणि मिठामिरचीचा हिशेब सांगते. बंद दारें आढळतात तीं बहुधा मोठ्या इमारतींत. पहारेकरी खालूनच परत पाठवितो. आंत प्रवेश मिळालाच तर "वेळ नाहीं" असें उत्तर मिळतें, किंवा खर्च हातचा राखून सांगितला जातो. जें घर उत्तर देत नाहीं, त्याच्याऐवजीं दुसरें घर घ्यावें लागतें, आणि दार उघडणारें तें दुसरें घर बहुधा तितकें संपन्न नसतें. लोकांचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबांत जेवढा भरतो, त्याहून ह्या पाहण्यांत तो बराच कमी भरतो. त्याचीं कारणें अनेक आहेत; श्रीमंत घरांचा खर्च पुरता हातीं न लागणें हें त्यांतील एक महत्त्वाचें कारण मानलें जातें. वरच्यांचा खर्च गळला, म्हणजे श्रीमंत व गरीब यांतील अंतर कागदावर कमी दिसतें आणि खरें अंतर तसेंच राहतें. सरकारच्या आंकड्यांवर विश्वास नाहीं, अशी तक्रार दिवाणखान्यांत करणारे आपणच, आणि ते आंकडे लंगडे करणारेहि कांहीं अंशीं आपणच!

करवसुलीची शंका असेल तर तीहि दूर करतों. २००८ सालच्या सांख्यिकी संकलन कायद्यानें अशी माहिती केवळ आंकडेवारीच्याच कामासाठीं वापरावयाची असें बंधन घातलें आहे. कुटुंबाची ओळख पटेल अशा रीतीनें ती प्रसिद्ध करतां येत नाहीं. आलेल्या माणसाचें ओळखपत्र अवश्य तपासा. बँकेच्या खात्याचे आंकडे किंवा गुप्त परवलीचे शब्द कोणी विचारूं लागला तर तो पाहणी करणारा नव्हे, असें समजून खुशाल दार लावा. पण माणूस खरा असेल तर त्याला बसावयास सांगा, पाणी द्या, आणि गृहिणीची खर्चाची वही बाहेर काढा. वही नसेल तर आजपासून ठेवा. पाहणीवाला आपल्या दारीं कधींच आला नाहीं, तरी तिचा आपल्या घराला उपयोग होईलच.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपण मुलांना शिकवितों. राष्ट्रालाहि तोच नियम लागू आहे. त्याचें अंथरूण किती लांब आणि कोठें फाटलेलें आहे, हें त्याला आपल्याच घरांतून कळावयाचें आहे. तेव्हां घंटा वाजली, तर दार उघडा. आणि तेल किती लागलें, तें खरें सांगा.