आज्ञावलीचे ओझे कसे कमी करावे?

चंद्रपूरचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो. शाळेच्या आवारातील तापमान दर तासाला नोंदवणारे उपकरण विद्यार्थ्यांनाही बनवता येते. अनेक शाळांच्या अटल प्रयोगशाळांत असणारा 'आर्डुइनो उनो' त्यासाठी पुरतो. मात्र त्यात आज्ञावलीसाठी जागा असते फक्त ३२ किलोबाइट, आणि कधी कधी साधी वाटणारी आज्ञावलीही त्यात मावत नाही. असे का होते?

आपण लिहिलेल्या आज्ञावलीचे कंपायलर यंत्रभाषेत रूपांतर करतो. मग लिंकर तिला लागणारी तयार फंक्शने लायब्ररीतून आणून जोडतो. लिनक्स संगणकावर 'नमस्कार' एवढेच छापणारी सी भाषेतील पाच ओळींची आज्ञावली घ्या. संगणकावरची लायब्ररी बाहेरूनच वापरली, तर तयार फाइल सुमारे १६ किलोबाइटची होते. लायब्ररीचे भाग आत जोडले, तर तीच सुमारे ८०० किलोबाइटची होते! म्हणजे ओझे आपल्या पाच ओळींचे नसते. सोबत आलेल्या सामानाचे असते. उनोवर बाहेरची लायब्ररी नसल्याने लागेल ते आतच न्यावे लागते.

उपाय काय? वेग वाढवण्यासाठी कंपायलर काही भाग पुन्हा पुन्हा उतरवतो. 'आकार लहान ठेव' अशी सूचना दिल्यास ते टळते, वेग मात्र थोडा घटू शकतो. न वापरलेली फंक्शने गाळण्याची सूचना लिंकरला देता येते. आर्डुइनोच्या प्रणालीत या दोन्ही सूचना आधीच असतात. तिसरा उपाय आपल्या हाती आहे. उनोच्या प्रोसेसरमध्ये दशांश अपूर्णांकांच्या गणिताची सोय नाही. ४६.३ सारख्या संख्यांचे गणित सुरू केले की त्यासाठीची फंक्शने जोडली जातात. तापमान ४६३ असे, दहापट करून, पूर्णांकात ठेवले तर ती लागत नाहीत.

मोबाइलवरही हाच विचार उपयोगी पडतो. गडचिरोलीतील भामरागडसारख्या दुर्गम भागात सेकंदाला १०० किलोबिट एवढाच वेग मिळाला, तर २० मेगाबाइटची फाइल उतरवायला सुमारे २७ मिनिटे लागतील. ५ मेगाबाइटला सातही नाहीत.

एक सावधगिरी हवी. फाइलमधील फंक्शनांच्या नावांची यादी काढूनही आकार घटतो. पण यादीसह असलेली मूळ प्रत जपून ठेवावी. दूरच्या गावात आज्ञावली बंद पडली, तर चूक शोधायला तीच उपयोगी पडते.

विद्यार्थ्यांकडून तापमापकाची आज्ञावली आधी अपूर्णांक वापरून, मग पूर्णांक वापरून लिहून घ्या. आर्डुइनो प्रत्येक वेळी आकार बाइटमध्ये दाखवतो. दोन्ही आकडे फळ्यावर मांडा आणि फरक कशामुळे पडला, ते त्यांनाच विचारा.